बिनविरोध

मी सूतगिरणीत रिंगवर काम करतो. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं आणि आदल्या रात्री माझी तिसरी पाळी. मतदानाला पगारी सुट्टी द्यावी असा कायदा आहे. ठेकेदार म्हणाला, जा की, पण खाडा पडेल. गिरणीचं नाव लिहीत नाही, भाकर अजून तिथलीच खातो. खाडा पडला. अंगावरचं तूस न झटकता एसटीत उभ्याने पारनेर तालुक्यात गेलो, दुपारी रांगेत लागलो, बोटाला शाई लावून घेतली आणि आईच्या हातचं खाऊन रात्री परत पाळीला.

तीन दिवसांनी निकाल. पारनेर मतदारसंघ, क्रमांक २२४. काशिनाथ दाते निवडून आले, राणी लंके पडल्या. फरक १,५२६ मतांचा. दोघांची मतं मिळून सव्वादोन लाखांवर, आणि फरक एवढासा. मी कुणाला दिलं ते सांगणार नाही. पण साच्यावर तुटलेला धागा जोडता जोडता हिशेब करत होतो. दीड हजार म्हणजे आमच्यासारख्या दहा-पंधरा वस्त्या. वस्ती म्हणजे काय ते या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको.

याच मतदारसंघात राळेगणसिद्धी आहे. सगळ्या जगाला ठाऊक असलेलं गाव. १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेलं. १९७५ ला अण्णा हजारे लष्करातून परत आले, यादवबाबाच्या देवळात राहिले, लोकांना घेऊन नालाबांध घातले, ताली घातल्या, पाणी अडवलं, दारूच्या भट्ट्या बंद केल्या. हे खोटं म्हणणारा मी नाही. पारनेर तालुक्यात पाणी म्हणजे काय हे ज्याच्या आईने दोन कोस हंडे वाहिले त्याला विचारा. गावातल्या दलितांचं कर्ज गावाने त्यांच्या जमिनीत राबून फेडलं, हेही पुष्कळांनी लिहिलं आहे. चांगलंच केलं. पण कर्ज फेडलं म्हणून मत गहाण पडत नाही.

आणि मुद्दा तिथेच आहे. राळेगणची ग्रामपंचायत वर्षानुवर्षं बिनविरोध होत आली. शेजारच्या नगर तालुक्यातलं हिवरेबाजारही तसंच. गाव एक, विचार एक, मग निवडणूक कशाला? ऐकायला किती गोड! गावात भांडण नको, पार्ट्या नकोत, खर्च नको. माझा आजा हे ऐकला की हसायचा. म्हणायचा, "गाव एक कवा व्हतं रं? पाणवठं दोन, मसनवाटं दोन, आन् विचार तेवढा एक?"

हा विचार एक कोण करतो, हे बघायला मागं जावं लागतं.

१९३२ च्या ऑगस्टमध्ये अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ जाहीर झाले. आपला माणूस आपणच निवडायचा. गांधीजी येरवड्यात उपासाला बसले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा वाढल्या, पण निवडून देणारा हात बदलला. आधी फक्त आपल्या मतदारांनी चौघांचं पॅनेल निवडायचं, मग त्या चौघांतला एक सगळ्यांनी मिळून. सगळ्यांनी म्हणजे गावाने. गावाला चौघांतला कुठला आवडणार? ज्याची मान खाली तो.

तरी १९३७ ला चमत्कार झाला. मुंबई इलाख्याच्या विधानसभेत १७५ जागा, त्यांतल्या १५ राखीव. बाबासाहेबांनी आदल्या वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. आमच्या जिल्ह्यात अहमदनगर दक्षिणमधून या पक्षाचे प्रभाकर जनार्दन रोहम निवडून गेले. आमच्या जिल्ह्याच्या मातीतून माणूस गेला तो मान खाली घालून बसायला नाही गेला. बाबासाहेबांच्या बाकाला बसला. त्याच सभागृहात बाबासाहेबांनी महार वतनाचं आणि खोतीचं विधेयक आणलं. त्या वेळी मताचा हक्क सगळ्यांना नव्हता. जमीन पाहिजे, कर पाहिजे, नाहीतर शिक्षण पाहिजे. ज्याच्याकडे तिन्ही नाही त्याच्या नावाने वतनाचा कायदा मांडला गेला. येसकराची काठी, मेलेल्या ढोराचं ओझं, रात्रीअपरात्री तालुक्याला टपाल पोचवणं, हे सगळं कायद्याने मोडायला मग १९५८ साल उजाडलं. एकवीस वर्षं! आमच्या पणज्याने तोवर काठी टाकलीच होती, म्हणजे मुंबईची गाडी धरली होती. पारनेर तालुक्याचा निम्मा इतिहास त्या गाडीत बसलेला आहे. गिरणीत, गोदीत, भाजी मार्केटात. १९८२ च्या संपानंतर आजा परत आला तेव्हा हातात पत्र्याची पेटी आणि खोकला.

१९५२ ला सगळ्यांना मत मिळालं. एकवीस वर्षं पुरी झाली की मत, बाई असो बाप्या असो, पाटील असो महार असो. ही गोष्ट आपण पुरती समजून घेतलेली नाही असं मला वाटतं. हजारो वर्षांत पहिल्यांदा पाटलाचा एक आणि आमचा एक सारखा मोजला गेला. पण त्याच निवडणुकीत मुंबईत खुद्द बाबासाहेब लोकसभेच्या राखीव जागेवर पडले. चौदा हजारांवर मतांनी. घटना लिहिणारा माणूस पडला आणि काँग्रेसचे काजरोळकर निवडून आले. माणूस आपल्यातला, निवडणारे दुसरे. आजा म्हणायचा, त्या दिवशी चाळीत चूल पेटली नाही.

पुढं आणखी एक गंमत. १९५६ ला धम्म घेतला. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच पाहिजे होता, १९५६ ला त्यात शीख आले. बौद्ध आले ते थेट १९९० साली. म्हणजे चौतीस वर्षं कागदावर खरं लिहिलं की राखीव जागा गेली. खोटं लिहा आणि आमदार व्हा! किती जणांनी लिहिलं, किती जणांनी नाही, हा इतिहास कुणीतरी बसून लिहायला पाहिजे. माझ्याच्याने होणार नाही, माझी पाळी असते.

आता पारनेरकडे येऊ. ही जागा खुली. आमच्या जिल्ह्यात (२०२४ पासून त्याचं नाव अहिल्यानगर) विधानसभेच्या बारा जागा. अकोले आदिवासींना राखीव, श्रीरामपूर अनुसूचित जातींना. २००८ च्या पुनर्रचनेआधी कर्जत राखीव होती. २०१९ ला श्रीरामपुरातून लहू कानडे निवडून गेले, ते कवी. आपल्या धंद्यातला माणूस विधानसभेत गेला म्हणून मला तेव्हा उगीच बरं वाटलं होतं.

पारनेरची गादी मात्र बघा कोणाकोणाकडे फिरली. कान्हूर पठारचे कॉम्रेड बाबासाहेब ठुबे, लाल बावट्याचे. कोपरगावकडचे शंकरराव काळेही इथून निवडून गेले. नंदकुमार झावरे, वसंतराव झावरे. मग २००४ पासून सलग तीनदा शिवसेनेचे विजय औटी, ते पुढे २०१८ ला विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. त्यांचे वडील भास्करराव औटी हेही आमदार होते. २०१९ ला नीलेश लंके यांनी औटींना साठ हजारांच्या जवळपास मतांनी पाडलं. २०२४ ला लंके राजीनामा देऊन लोकसभेला उभे राहिले आणि सुजय विखे यांना हरवून खासदार झाले. मागे त्यांची बायको विधानसभेला उभी राहिली, तिचा निकाल वर सांगितला. लाल झेंडा, तिरंगा, भगवा, घड्याळ, सगळं झालं. या नावांत आमच्या वस्तीतलं एकही नाव नाही. आणि तरी मी खाडा पाडून मत द्यायला जातो. का, ते सांगतो.

डिसेंबर २०२० मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या. आमदार लंके यांनी जाहीर केलं, जे गाव बिनविरोध करील त्याला २५ लाखांचा निधी. आमदाराचा स्थानिक विकास निधी म्हणजे सरकारचा पैसा, रस्ता, समाजमंदिर, हातपंप यांसाठीचा. हेतू चांगला असेल. भांडणं मिटावीत, कोरोनाच्या काळात गर्दी टळावी. पण उलटून बघा. मतदान केलं तर २५ लाख बुडाले! आता वस्तीतल्या पोराने अर्ज भरायचा म्हटलं तर अख्खं गाव त्याच्या दारात. "तुझ्या एकट्यापायी गावाचा रस्ता जातोय." तो पोरगा काय करील? अर्ज मागे घेईल. आणि मग पेपरात छापून येतं, गाव बिनविरोध, गावकऱ्यांनी गुलाल उधळला.

त्याच वेळी नाशिक जिल्ह्यात उमराणे आणि नंदुरबारात खोंडामळी इथं सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून निवडणूक आयोगाने निवडणूकच रद्द केली. लिलाव वाईट, तो दिसतो. दबाव दिसत नाही.

ग्रामपंचायतीत आमच्यासाठी जागा राखीव आहेत. बिनविरोध गावात त्या जागेवर कोण बसतो? देवळात बैठक होते, मोठी माणसं ठरवतात, बाहेर ओट्याशी उभ्या माणसाला सांगतात, "तुमच्यातनं अमक्याला घेतलं." घेतलं! पुणे करारात निदान चौघांचं पॅनेल आपल्या मतांनी ठरत होतं. इथं तेवढंही नाही.

अण्णा हजारे २०११ च्या आंदोलनात म्हणाले होते की आपण निवडणुकीला उभे राहिलो तर अनामत जप्त होईल, कारण मतदार शंभर रुपयाला, दारूच्या बाटलीला, लुगड्याला विकला जातो. विकला जातो, हे मीही बघितलंय. आमच्या वस्तीतही बघितलंय. पण विकायला का होईना, मत माझ्या हातात असतं. पाच वर्षांतून एक दिवस पुढारी चिखल तुडवत वस्तीत येतो, म्हातारीच्या पाया पडतो. बिनविरोध झालं की तो दिवसही गेला.

राळेगणही २०२१ ला बिनविरोध व्हावं म्हणून खटपट झाली. आमदार स्वतः मध्ये पडले. पण काहींनी अर्ज मागे घेतले नाहीत. १५ जानेवारी २०२१ ला राळेगणसिद्धीत आणि हिवरेबाजारातही कित्येक वर्षांनी ग्रामपंचायतीचं मतदान झालं. हिवरेबाजारात पोपटराव पवारांच्या पॅनेलने सगळ्या जागा जिंकल्या. म्हणजे लोकांना तेच हवे होते. मग इतकी वर्षं विचारायला काय हरकत होती?

आभाळ कोसळलं नाही. बांध फुटले नाहीत, विहिरी आटल्या नाहीत. केंद्रावर रांग लागली. तिशीतली माणसं गावच्या पंचायतीसाठी जन्मात पहिल्यांदा बटण दाबत होती.

आमच्या गावात त्याच दिवशी मतदान होतं. वस्तीतली राखीव जागा लढवली गेली, दोन अर्ज होते, दोन्ही आमचेच. त्यातला एक माझा चुलतभाऊ. नऊ मतांनी पडला. दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी मतदार यादी घेऊन बसला आणि नऊ घरांवर पेन्सिलीने खुणा करू लागला.