फेझच्या दरबारातले उंदीर

टँजियरचा इब्न बतूता १३४९ साली मोरोक्कोतल्या तटबंद फेझला पोचला, तेव्हा त्याला घर सोडून चोवीस वर्षं झाली होती. पुढे ग्रानादा आणि माली पाहून तो पुन्हा इथेच आला. सुलतान अबू इनानच्या हुकमावरून इब्न जुझय याने त्याच्या तोंडची प्रवासकथा लिहून काढली. १३५५च्या डिसेंबरात ग्रंथ पुरा झाला.

दरबाराला मात्र त्या गोष्टी पचेनात. दिल्लीचा सुलतान मोहिमेवरून परतला की यंत्रांतून लोकांवर नाणी उधळतो म्हणे! लोक कुजबुजू लागले, माणूस थापाड्या आहे. तरुण इब्न खल्दूनलाही तसंच वाटलं. त्याने ते वजीर फारिस इब्न वद्रारला बोलून दाखवलं, तेव्हा वजिराने त्याला तुरुंगात वाढलेल्या एका मुलाची गोष्ट सांगितली. बाप त्याला मेंढी कशी असते ते समजावतो. मुलाने उंदराखेरीज प्राणी पाहिलेला नाही; तो विचारतो, म्हणजे उंदरासारखी का? गाईचं तेच, उंटाचं तेच.

हा प्रसंग इब्न खल्दूनच्या 'मुकद्दिमा'त आहे. गंमत अशी की, बतूताच्या ग्रंथातही तुरुंग आणि उंदीर आहेत, आणि ते आपल्या देवगिरीचे. दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारकोठडीत मांजराहून मोठे उंदीर असतात, मांजरंच त्यांना भिऊन पळतात, असं तो सांगतो. दोन्हींचा संबंध जोडायचा मोह होतो, तो आवरावा. दौलताबादेत द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असंही तो तिथेच सांगतो. उंदरांना हसणारे आपण द्राक्षांची ओळ मात्र पुरावा म्हणून उतरवून घेतो.