ओठावर व्रण असलेला माणूस

पेरू देशाच्या उत्तर किनाऱ्यावर सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी एक माणूस राहत होता. त्याच्या वरच्या ओठावर व्रण होता. त्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही; मात्र दहा वर्षांचा असताना तो कसा दिसत असे आणि तिशीला पोहोचल्यावर कसा दिसू लागला, हे आज आपण पाहू शकतो. त्याच्या चेहऱ्याची चाळीसहून अधिक मातीची पात्रे सापडली आहेत. आजचा धागा मोचे लोकांच्या या मुखाकृती पात्रांविषयी.

पेरू म्हटले की आपल्याला इंका आणि माचू पिचू आठवतात. मोचे त्यांच्याही कितीतरी आधीचे. इ. स. १०० ते ८०० हा ढोबळमानाने त्यांचा काळ. अँडीज पर्वतातून समुद्राकडे धावणाऱ्या नद्यांचे पाणी कालव्यांनी वळवून त्यांनी वाळवंटात मका पिकवला आणि कच्च्या विटांचे प्रचंड मंदिर-चौथरे उभारले. लिपी त्यांच्यापाशी नव्हती. जे सांगायचे ते त्यांनी मातीत सांगितले.

कुंभाराचे चाकही त्यांना माहीत नव्हते. आधी चेहऱ्याचा भरीव नमुना घडवायचा, त्यावर माती दाबून दोन भागांचा साचा काढायचा, तो भाजायचा, मग त्यात ओली माती आतून थापून दोन्ही अर्धे जोडायचे. वर घोड्याच्या रिकिबीसारखी वळणदार पोकळ मूठ आणि तिच्यावर तोटी. (उपमा आपली, मोच्यांनी घोडा कधी पाहिलाच नव्हता!) शेवटी पांढुरक्या व तांबड्या मातीचा लेप देऊन, घोटून भाजायचे. एकाच साच्यातून अनेक प्रती निघत, परंतु शिरोवेष्टनाची नक्षी किंवा चेहऱ्यावरचे रंगीत पट्टे बदलले जात. म्हणजे माणूस तोच, प्रसंग वेगळा. प्रत काढली म्हणून चित्रण खोटे ठरत नाही. नाण्यांवरच्या राजमुद्रांना आपण तसे कुठे म्हणतो?

अमेरिकन पुरातत्त्वज्ञ क्रिस्टोफर डॉनन यांनी अशी नऊशेहून अधिक पात्रे एकमेकांशेजारी ठेवून अभ्यासली. गालांची ठेवण, नाकाचा बाक, व्रण यांवरून तीच ती माणसे वेगवेगळ्या वयांत ओळखू येऊ लागली. ओठावर व्रण असलेला आपला माणूस त्यांतलाच. या चेहऱ्यांत पुरुष आहेत, थोडे मुलगेही आहेत. प्रौढ स्त्री मात्र एकही नाही. मोचे कुंभारांनी इतर भांड्यांवर स्त्रिया घडवल्या, तेव्हा प्रश्न कौशल्याचा नव्हता. कोणाचा चेहरा ओळखला जावा, हे समाजाने ठरवलेले होते.

आणि ओळखले जाणे नेहमीच भाग्याचे नव्हते. मोचे चित्रांत योद्धे द्वंद्व खेळतात. हरलेल्याची वस्त्रे व आभूषणे काढून घेतली जातात, गळ्यात दोर बांधला जातो आणि अखेर त्याचा बळी दिला जातो. डॉनन यांच्या मते मुखाकृती पात्रांतील काही प्रतिष्ठित पुरुष अन्य पात्रांवर अशाच नग्न, दोर बांधलेल्या बंदिवानांच्या रूपात दिसतात. ही केवळ पुराणकथा नव्हती. त्रुहियो शहराजवळील ‘उआका दे ला लूना’ या मंदिरात १९९५ मध्ये स्टीव्ह बुर्जे यांच्या उत्खननात बळी दिलेल्या अनेक पुरुषांचे सांगाडे सापडले. पावसाने झालेल्या चिखलात ते पडलेले होते; त्यांच्यात गळ्यात दोर असलेल्या बंदिवानांच्या कच्च्या मातीच्या मूर्ती फोडून टाकलेल्या होत्या. माणसाबरोबर त्याची प्रतिमाही मोडायची, असा तो विधी.

मला मात्र खरी हानी त्यानंतरची वाटते. १६०२ मध्ये स्पॅनिश खजिनाशोधकांनी जवळच्या ‘उआका देल सोल’वर चक्क मोचे नदी वळवली आणि त्या वास्तूचा मोठा भाग वाहून गेला. पुढे थडगी फोडणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोच उद्योग चालवला. त्यामुळे बहुतेक मुखाकृती पात्रे कोणत्या थडग्यातून, कोणाच्या अस्थींशेजारून आली, याची नोंदच नाही. राफाएल लार्को ओयले यांच्यासारख्या संग्राहकांनी हजारो पात्रे जपली, मोचे कुंभारकामाचा कालक्रमही लावला. तरी तुटलेला तो संबंध पुन्हा जोडता येत नाही. आज हे चेहरे लिमा, शिकागो, बर्लिन येथील संग्रहालयांत विखुरलेले आहेत. काचेआडचा माणूस रोखून पाहत असतो, आणि खालच्या फलकावर अनेकदा एवढेच लिहिलेले असते: मोचे, उत्तर पेरू.