काकांची चावी

परवा परळच्या घरी माळा आवरताना बिस्किटांच्या जुन्या डब्यात काकांचा गिरणीतला पास सापडला आणि त्याच्याखाली एक टॅक्सीची चावी. पातळ, दाते झिजून गुळगुळीत झालेले.

18 जानेवारी 1982ला गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर काका पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. पुढे ते रात्रपाळीला टॅक्सी चालवू लागले. गाडी पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. मालक दुसराच. दिवसाचा ड्रायव्हर संध्याकाळी लालबागला गाडी लावून चावी काकांच्या हातात द्यायचा. एकदा तो ताप भरला म्हणून तसाच घरी गेला, चावी खिशात! गाडी समोर उभी आणि काकांची रात्र बुडाली. मग मालकाला विचारून त्यांनी दादरच्या फुटपाथवरच्या चावीवाल्याकडून ही डुप्लिकेट करून घेतली.

तेव्हा ते इतकं सोपं होतं, कारण चावी म्हणजे नुसता आकार. कुलपातल्या पात्या दात्यांमुळे योग्य उंचीवर आल्या की कुलूप फिरतं. हातात काणस असली की झालं. (चोरालाही तेवढंच पुरायचं, ते सोडा.)

चावी फिरवून इंजिन सुरू करणंसुद्धा अमेरिकेत क्रायस्लरने 1949मध्ये आणलं. त्याआधी चावीने फक्त करंट चालू व्हायचा. स्टार्टरला वेगळं बटण किंवा पेडल.

नंतर चावीच्या डोक्यात चिप आली. तिला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते, ती आपला कोड सांगते, तो पटला तरच इंजिन चालतं. नुसते दाते हुबेहूब कापून भागत नाही. लांबून दार उघडणारा रिमोट वेगळा, त्याला मात्र सेल लागतो. आपण बरेचदा दोन्ही एकच समजतो.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर 2023मध्ये तीही संपली.

रविवारी माझा भाचा आला. त्याची गाडी बटण दाबून सुरू होते, चावी खिशातच राहते. काकांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"दाते कुठायत रे?"

त्याने कळ दाबून आतलं छोटं पातं काढून दाखवलं. सेल संपला तर दार उघडायला.

"आणि दुसऱ्याला गाडी चालवायला द्यायची असली तर?"

"हीच द्यायची, आजोबा."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि आपली चावी पुन्हा डब्यात पासाखाली ठेवली.