लायसन्स्ड टू इल
न्यूयॉर्कमधील बीस्टी बॉइज ह्या त्रयीचा पहिला अल्बम. रॅप, म्हणजे ठेक्यावर केलेले यमकबद्ध पठन, आणि रॉक संगीतातील कर्कश गिटार ह्यांचा मेळ त्यात आढळतो. अ‍ॅडम यौक (१९६४–२०१२), मायकेल डायमंड व अ‍ॅडम होरोविट्झ हे श्वेतवर्णीय तरुण मूळचे पंक रॉकचे वादक. निर्माता रिक रूबिन ह्याने लेड झेपेलिन, ब्लॅक सॅबाथ इत्यादींच्या ध्वनिमुद्रणांतील तुकडे तालयंत्राच्या ठोक्यांशी जोडले; एका गीतात स्लेअर ह्या वृंदातील केरी किंगचे गिटारवादन आहे. डेफ जॅमने तो नोव्हेंबर १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. मार्च १९८७ मध्ये बिलबोर्डच्या यादीत अग्रस्थानी पोहोचलेला हा पहिला रॅप अल्बम होय. कृष्णवर्णीयांनी घडविलेल्या कलाप्रकाराला हा मान श्वेतवर्णीयांकरवी मिळावा, हे सूचक आहे. रन-डीएमसी ह्या कृष्णवर्णीय त्रयीने एरोस्मिथच्या साथीने हाच मेळ त्याआधी काही महिने साधला होता.

मद्यपान, दांडगाई व स्त्रियांची हेटाळणी हे गीतांचे विषय. उनाड मेजवान्यांचे विडंबन हा अंशतः हेतू होता. परंतु बहुसंख्य श्रोत्यांनी ते खरे मानले आणि कलावंतांनाही विडंबन व वर्तन ह्यांतील सीमारेषा राखता आली नाही. अल्बमचे आधी योजलेले शीर्षक समलिंगी व्यक्तींना हिणवणारे होते. त्याबद्दल, तसेच गीतांतील अशा उल्लेखांबद्दल होरोविट्झने १९९९ मध्ये जाहीर क्षमा मागितली. तत्पूर्वी, १९९४ मध्ये, यौकने एका गीतातून स्त्रियांच्या अवमानाचा निषेध केला होता. पॉल्स बुटीक (१९८९) ह्या दुसऱ्या अल्बममध्ये त्रयीने ही शैली जवळजवळ सोडून दिली. पुढील दशकातील अनेक रॅप-रॉक वृंदांनी मात्र तीच उचलली.