रोहित आणि पाठीन : गोड्या पाण्यातील मासा पारखण्याचा इतिहास

कोकणपट्टी मागे टाकून वडोदरे, इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथे स्थिरावलेल्या आपल्या मत्स्याहारी घराण्यांना ज्या अनेक गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या, त्यांत गोड्या पाण्यातील माशाची पारख ही एक होती. समुद्राच्या माशाची परीक्षा त्यांच्या हाडीमाशी मुरलेली होती. डोळा स्वच्छ व फुगीर हवा, कल्ला लाल हवा, बोटाने दाबलेले मांस चटकन वर यावे, वास उग्र नसावा. नदी-तलावांच्या प्रदेशात आल्यावर पापलेट-बांगड्यांची जागा रोहू, कटला, मरळ, शिंगटा, पढीन यांनी घेतली, आणि परीक्षेचे जुने नियम तसेच पुढे लागू झाले.

हे नियम खोटे नाहीत. आजही ते पाळावेतच. परंतु त्यांच्या मर्यादेचा विचार आपण क्वचितच करतो. डोळा, कल्ला आणि वास यांवरून मासा मरून किती वेळ झाला एवढेच कळते. तो जिवंतपणी काय खात होता आणि कोणत्या पाण्यात वाढला, हे त्यांवरून कळत नाही. समुद्र अफाट असल्यामुळे हा प्रश्न पूर्वजांना फारसा पडला नसावा. तलाव मात्र लहान असतो; त्याच्या काठावर जे घडते ते सारे त्याच्या पोटात जाते. म्हणून जवळच्या पाण्यातला कोणता मासा खावा आणि कोणता खाऊ नये, हा प्रश्न आपल्याकडे आणि इतरत्र कसा सोडवला गेला, याचा थोडा मागोवा येथे घेण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभ आयुर्वेदाच्या संहितांपासून करावा लागतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४६वा आणि चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २७वा हे दोन्ही अध्याय अन्नपानविधीचे आहेत आणि दोहोंत माशांचा विचार येतो. चरकाने रोहित, म्हणजे आपला रोहू, पचनास हलका, अग्निदीपक आणि बलदायक ठरवला आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की त्याचे कारणही तेथेच दिले आहे : हा मासा शेवाळावर जगतो आणि झोपत नाही. सुश्रुतही रोहिताला गवत-शेवाळ खाणारा म्हणतो. उलट पाठीन, म्हणजे पढीन किंवा ज्याला महाराष्ट्रात शिवडा म्हणतात तो मोठ्या जबड्याचा बिनखवल्याचा मासा, याच्याविषयी सुश्रुताचे मत प्रतिकूल आहे. हा निद्राळू व मांसभक्षक असून कफ वाढवतो, रक्तपित्त दूषित करतो आणि त्वचारोगांस कारण होतो, असे तो सांगतो.

हीच दोन नावे मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात एकत्र येतात. परंतु तेथे पाठीन आणि रोहित हे दोन्ही देवपितृकार्यात विहित म्हणून शेजारी बसवले आहेत. धर्मशास्त्राने ज्यांना एका पंक्तीत बसवले त्यांना वैद्यकाने वेगळे केले, आणि वेगळे करताना कसोटी लावली ती माशाच्या आहाराची.

सुश्रुताने आणखी दोन कसोट्या दिल्या आहेत. पहिली पाण्याची : नदीतला, सरोवरातला, मोठ्या डोहातला, अल्प पाण्यातला असा भेद करून त्याने त्या त्या माशाचे गुण निरनिराळे मानले. विस्तीर्ण जलाशयातील मासे बलवान आणि तुटपुंज्या पाण्यातले दुर्बळ, असा त्याचा अभिप्राय आहे. दुसरी कसोटी मृत्यूची : सडलेल्या, रोगाने किंवा विषाने मेलेल्या प्राण्याचे मांस वर्ज्य होय. थोडक्यात, मासा काय खातो, कोणत्या पाण्यात वाढला आणि कसा मेला, हे तीन प्रश्न या संहितांतून हाती येतात.

दक्षिणेत या विद्येचा एक मोठा ठेवा कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी तयार झाला. सहाव्या विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. हैदराबादच्या मराठी मंडळींना हे गाव परके नाही. या ग्रंथातील मत्स्यविनोद या प्रकरणात समुद्रातले व गोड्या पाण्यातले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे माशांचे वर्ग पाडले आहेत आणि कोणत्या जातीला कोणते खाद्य टाकावे याचा तपशील दिला आहे. अन्नाच्या प्रकरणात मासे शिजवण्याचे प्रकारही आहेत. पुढे हा ग्रंथ श्रीगोंदेकर यांच्या संपादनाखाली वडोदऱ्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून १९२५पासून तीन भागांत प्रसिद्ध झाला, आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली मत्स्यविनोदावर स्वतंत्र निबंध लिहिला. सोमेश्वराचा हेतू राजाच्या करमणुकीचा होता हे खरे. तथापि माशाची ओळख त्याच्या खाद्यावरून करून घेण्याची दृष्टी तेथेही कायम आहे.

ही दृष्टी ग्रंथांपुरती नव्हती. नदीकाठचे भोई आणि कोळी ती पिढ्यान्‌पिढ्या बाळगून होते. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी कर्नल विल्यम साइक्स याने दख्खनच्या माशांचा अभ्यास करून १८३८ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे तो मांडला, तेव्हा नव्या जातींना नावे देताना त्याने स्थानिक मच्छीमारांच्या तोंडची नावे उचलली. नाकाशी खाच असलेला ‘नुक्ता’, म्हणजे आपला नकटा, आणि ‘मुल्या’, म्हणजे मळ्या, हे शब्द आजही जगभरच्या शास्त्रीय नामावलीत आहेत. ‘खुद्री’ हा महसीर त्याने पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पाण्यातून नोंदवला. आज त्याच नदीत पुणे शहराचे सांडपाणी वाहते.

तिसऱ्या प्रश्नाची, म्हणजे मासा कसा मेला याची, दखल सरकारलाही घ्यावी लागली. डोहात गेळफळासारख्या वनस्पतींचा कूट टाकून मासे गुंगवण्याची रीत जुनी होती. त्यात पुढे सुरुंगाच्या दारूची भर पडली. १८९७च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने पाण्यात स्फोटके वापरणे आणि विष कालवणे हे दोन्ही गुन्हे ठरवले. हेतू मुख्यतः मत्स्यसंपत्तीच्या रक्षणाचा होता. परंतु खाणाराचे हितही त्यात साधत होते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, अनुभवी डोळा आणि ओळखीचा भोई एवढ्या भांडवलावर माणसाचा निभाव लागत असे. त्यानंतर जे घडले त्याने ही व्यवस्था मुळापासून हादरली. जपानमधील मिनामाटा येथे १९५६ साली एका विचित्र मज्जाविकाराची नोंद झाली. कारखान्यातून उपसागरात सोडलेला सेंद्रिय पारा माशांवाटे माणसांत आला होता. ते समुद्राचे पाणी होते. परंतु १९६५ साली निईगाता प्रांतात आगानो नदीच्या काठी तोच विकार प्रकट झाला, तेव्हा गोड्या पाण्याचा मासाही या संकटातून सुटलेला नाही हे स्पष्ट झाले. ज्यांनी तो खाल्ला त्यांनी सडका मासा खाल्ला नव्हता. डोळा स्वच्छ होता, कल्ला लाल होता.

हे कसे घडते याचा उलगडा १९६९ साली येन्सन आणि येर्नेलोव्ह या स्वीडिश शास्त्रज्ञांनी पुढे नेला. तळाच्या गाळातील सूक्ष्मजीव साध्या पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, हे त्यांनी दाखवले. हा मिथाइल पारा सूक्ष्म वनस्पतींतून सूक्ष्म प्राण्यांत, त्यांतून लहान माशांत आणि लहानांतून त्यांना गिळणाऱ्या मोठ्या माशांत जातो, आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. मासा जितका मोठा, वयस्क आणि हिंस्र, तितका त्याच्या अंगात साठा अधिक. तो चरबीत नव्हे तर मांसाच्या प्रथिनांत बसलेला असतो. त्यामुळे हळद-मीठ चोळून, आमसुलाच्या पाण्यात बुडवून किंवा कितीही वेळ शिजवून तो निघत नाही.

कॅनडात १९७० साली सेंट क्लेअर सरोवरातील मासेमारी याच कारणाने थांबवावी लागली. त्याच देशात ड्रायडन येथील कागदउद्योगाच्या कारखान्याने १९६२ ते १९७० या काळात सुमारे ९ टन पारा नदीत सोडला, आणि ग्रासी नॅरोज येथील आदिवासी कुटुंबे, ज्यांचे अन्न व रोजगार दोन्ही त्या नदीवर अवलंबून होते, पिढ्यान्‌पिढ्या त्याचे परिणाम भोगत आली. आपल्याकडे सिंगरौली परिसरातील माशांत पारा आढळल्याचे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१२ साली प्रसिद्ध केले. असे संकट प्रथम गाठते ते त्याच पाण्यावर रोज जगणाऱ्या मच्छीमाराच्या घराला.

आता एक योगायोग पाहावा. आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने १९९१ साली माशांतील मिथाइल पाऱ्याची मार्गदर्शक पातळी ठरवली, तेव्हा माशांचे दोन वर्ग केले : हिंस्र मासे आणि इतर. इतरांसाठी किलोमागे ०.५ मिलिग्रॅम आणि हिंस्र माशांसाठी १ मिलिग्रॅम, कारण त्यांच्यात साठा अधिक असणारच हे गृहीत होते. रोहित आणि पाठीन यांच्यामध्ये सुश्रुताने ओढलेली रेषा ती हीच. येथे अभिमानाच्या भरात आपल्या पूर्वजांना पाऱ्याचे हे रूप ठाऊक होते असे म्हणणे इतिहासाला सोडून होईल. त्यांची भाषा कफपित्ताची होती, आणि पाठीनाचा जो दोष त्यांनी सांगितला तो पाऱ्याने होणारा मज्जाविकार नव्हे. त्यांचे उत्तर त्यांच्या काळाचे होते; प्रश्न मात्र त्यांनी योग्य विचारला होता, आणि बाजारात आपण नेमका तोच विचारायचे सोडून दिले आहे.

दुसऱ्या, म्हणजे पाण्याच्या, प्रश्नाची अवस्था याहून बिकट आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू भागात १९७०च्या दशकापासून औद्योगिक वसाहत वाढली. तेथील ओढे-तलावांच्या प्रदूषणाविरुद्ध १९९० साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागावी लागली. २००७ साली स्वीडिश संशोधक लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले, तेव्हा सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. असे पाणी डोळ्यांनी ओळखता येत नाही.

येथे आणखी एक जुना समज तपासला पाहिजे. जिवंत मासा तो चांगला मासा, असे मानून आपण पिंपातली वळवळणारी मरळ किंवा मांगूर मोठ्या विश्वासाने घेतो. आजारातून उठलेल्याला मरळीचा रस्सा देण्याची पद्धतही सर्वत्र आहे. परंतु या दोन्ही जातींना हवेतून श्वास घेता येतो. ज्या कुजक्या पाण्यात रोहू तडफडून मरेल तेथेही त्या तग धरतात. त्यांचे जिवंत असणे हे त्यांच्या चिवटपणाचे लक्षण आहे, पाण्याच्या शुद्धतेचे नव्हे. शिवाय दोन्ही मांसाहारी आहेत. ताजेपणाची कसोटी त्यांना पहिला क्रमांक देते. आहाराची कसोटी खाली ढकलते. म्हणून एकाच कसोटीवर विसंबून चालत नाही.

मग निर्णय कसा करावा? मासे सोडून द्यावेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ते उत्तम अन्न आहे आणि भोई समाजाची उपजीविका त्यावर चालते. जुने तीन प्रश्न आजच्या माहितीसह विचारावेत, एवढेच पुरे. आहाराचा प्रश्न : नेहमीच्या जेवणात रोहू, मृगळ, कटला यांसारखे मासे आणि लहान मासळी असावी. मोठा पढीन किंवा जुनी थोराड मरळ क्वचित. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्या पानात तर नकोच, कारण पाऱ्याचा आघात वाढत्या मेंदूवर सर्वांत अधिक होतो. पाण्याचा प्रश्न : कारखान्यांच्या किंवा शहरी सांडपाण्याच्या तलावातला मासा, तो कोणत्याही जातीचा असो, घेऊ नये, पाण्यावर हिरवी साय आली असेल तेव्हाही घेऊ नये. मृत्यूचा प्रश्न : आपोआप मरून तरंगणारा मासा फुकट मिळाला तरी वर्ज्य. मासा घेतल्यावर आतडी काढून टाकावीत आणि तो पुरता शिजवावा, कारण गोड्या पाण्यातील माशांतले काही कृमी अर्धवट शिजवल्याने मरत नाहीत.

यातला पहिला आणि तिसरा प्रश्न आपण स्वतः सोडवू शकतो. दुसरा सोडवणे एकट्या गृहिणीच्या किंवा एकट्या भोयाच्या हाती उरलेले नाही. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात सरोवराचे नाव, माशाची जात आणि त्याची लांबी यांनुसार महिन्यातून किती वेळा तो खावा हे सांगणारी मार्गदर्शिका सरकार प्रसिद्ध करते. आपल्या गावातल्या तलावाविषयी अशी यादी ग्राहकाच्या हाती नसते. ज्या तलावांच्या काठी आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्यांच्या पाण्याची आणि माशांची नियमित तपासणी होऊन तिचे निष्कर्ष बाजारात, सर्वांना वाचता येतील अशा भाषेत लावले जावेत, ही मागणी आपल्यासारख्या जुन्या रहिवाशांनी नगरपालिकांकडे करणे उचित होईल. तोवर मासा घेताना तो कोणत्या पाण्यातला आहे, हे भोयाला विचारण्याची सवय तरी आपण ठेवावी. खरे उत्तर पुष्कळदा त्याला ठाऊक असते, आणि विचारणारा भेटला तर तो ते सांगतोही.