आकडे वाढवणारा डॉक्टर

मराठीत देवी हा शब्द रोगासाठी आहे, रोग आणणाऱ्या शक्तीसाठी आहे आणि त्या रोगाविरुद्ध दंडावर टोचून घेण्याच्या लशीसाठीही आहे. या एका शब्दात भीती, भक्ती आणि सरकारी टोचणी असे सगळे नांदत आले. पण देवीचा रोग जगातून गेला त्या शेवटच्या दहा वर्षांचा इतिहास वाचला की लक्षात येते, निकाल नुसत्या टोचणीने लागला नाही. तो शोधाने लागला आणि त्या शोधातून आंतरराष्ट्रीय साथरोगतज्ज्ञ हा पेशा आजच्या रूपात घडला. साथ आली की विमानाने उतरणारा, हाती लस असलेला तारणहार अशी या माणसाची प्रतिमा आहे. माझ्या मते ती चुकीची आहे. त्याचे पहिले काम रोग कमी करण्याचे नव्हते, लपलेला रोग उघडा पाडण्याचे होते. म्हणजे आकडे वाढवण्याचे.

विल्यम फीगी या अमेरिकन डॉक्टरची कारकीर्द यासाठी पाहावी. डिसेंबर 1966 मध्ये पूर्व नायजेरियातल्या ओगोजा भागात देवीचे रुग्ण असल्याची बातमी त्याला मिळाली. सर्वांना टोचण्याइतकी लस नव्हती आणि नवा साठा यायला वेळ होता. तेव्हा त्याने मिशनऱ्यांच्या बिनतारी संचांवरून गावोगावी निरोप धाडून रुग्ण नेमके कुठे आहेत ते विचारले, नकाशावर खुणा केल्या, लोक बाजारहाटाला आणि नातेवाइकांकडे कुठे जातात ते पाहिले आणि असलेली लस तेवढ्याच ठिकाणी वापरली. साथ थांबली. पूर्व नायजेरियातून देवी हटल्या तेव्हा तिथल्या निम्म्या लोकांनाही लस मिळालेली नव्हती. टंचाईतून निघालेली ही युक्ती पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोहिमेची मुख्य पद्धत झाली. ती चालली ती या रोगाच्या स्वभावामुळे. देवीच्या रुग्णाच्या चेहऱ्यावर आणि हातापायांवर पुरळ उठे. रोग अंगावर लपत नसे, प्राण्यांत दडून बसत नसे आणि लागण झाल्यापासून ताप यायला साधारण बारा दिवस लागत. माग काढणाऱ्याला तेवढी सवड पुरत असे.

भारतात गोष्ट इतकी सोपी नव्हती. 1962 पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू होता, लोकसंख्येच्या 80 टक्के टोचणीचे लक्ष्य कागदावर पुरे होत होते, तरी साथी येतच होत्या. कारण उघड आहे. टोचणाऱ्याला उद्दिष्ट गाठायचे असे. शाळेतली मुले हाती सापडत, तीच पुन्हा टोचली जात आणि वीटभट्टीवरचा मजूर, भटका, फुटपाथवरचा भिकारी राहून जात. शिवाय ज्या अधिकाऱ्याच्या हद्दीत रुग्ण निघे त्यालाच बोल लागे, म्हणून रुग्ण कागदावर निघतच नसत. 1973 च्या शरद ऋतूपासून उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि मध्य प्रदेशात महिन्यातला एक आठवडा घरोघर शोध सुरू झाला. पथके पुरळ उठलेल्या मुलाचे चित्रकार्ड दाखवून विचारत, असा कोणी पाहिलात का? पहिल्याच फेऱ्यांत ध्यानीमनी नसलेले हजारो रुग्ण निघाले. 1973 मध्ये देशात सुमारे 88 हजार रुग्णांची नोंद होती. 1974 मध्ये ती 1 लाख 88 हजारांवर गेली. जमशेदपूरहून रेल्वेने गावी परतणाऱ्या मजुरांबरोबर देवी दूरदूर पोहोचल्या. मे 1974 मध्ये भारताने पोखरणला अणुचाचणी केली. त्याच महिन्यात बिहारात साथ कळसाला होती. परदेशी वृत्तपत्रांना आयतेच कोलीत मिळाले.

कोणत्याही राजकारण्याला असे आकडे परवडत नाहीत. बिहारच्या आरोग्यमंत्र्यांना पुन्हा सरसकट टोचणीकडे वळायचे होते आणि तसे त्यांनी एका बैठकीत सांगितले. तेव्हा भारतातल्या मोहिमेत काम करणाऱ्या फीगीने आपल्या ‘हाउस ऑन फायर’ या पुस्तकात त्या बैठकीची हकीकत दिली आहे. मागे बसलेला एक तरुण भारतीय डॉक्टर उठला आणि म्हणाला, आमच्या गावात घराला आग लागली तर पाणी त्याच घरावर ओततात, उरलेल्यांवर नाही. मंत्र्यांनी आणखी एक महिना दिला. त्या अनाम डॉक्टरचे वाक्य मला नायजेरियातल्या नकाशाइतकेच मोलाचे वाटते. 1975 मध्ये देशातल्या नोंदी दीड हजारांवरही गेल्या नाहीत.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की आधीच्या सरसकट टोचणीने रोग विरळ केला नसता तर हा शोध चालला नसता. यात तथ्य आहे; दक्षिण आणि पश्चिम भारत बराच आधी मोकळा झाला तो त्यामुळेच. पण टोचणी वर्षानुवर्षे चालूनही बिहार मोकळा झाला नाही, याचे उत्तर हा आक्षेप देत नाही. दुसरा आक्षेप जड आहे. पॉल ग्रीनो या इतिहासकाराने दाखवले आहे की शेवटच्या टप्प्यात रात्री घरात शिरून, धरून ठेवून लोकांना टोचले गेले. रुग्णाच्या दारावर पहारेकरी बसवले गेले. घाई होती, हे कारण मला पुरेसे वाटत नाही. प्लेगच्या काळात पुण्या-मुंबईने काय भोगले हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला तर ते मुळीच पुरू नये. शोध ही पद्धत आहे, बळजबरी ही आळशी माणसाने त्यातून काढलेली पळवाट. दोन्ही एकाच जीपमधून आल्या, ही या पेशाच्या वारशातली अडचण आहे. गिनीमध्ये 2015 साली इबोलाच्या लशीची चाचणी रुग्णाभोवतीच्या माणसांचे कडे करून झाली, तेव्हा देवीचीच पद्धत तिने घेतली. पण तिथे प्रत्येकाची संमती घेतली गेली.

या कामातले श्रेय मात्र जिनिव्हाच्या दिशेने झुकले. जिनिव्हाहून जागतिक आरोग्य संघटनेची मोहीम चालवणारे हेंडरसन आणि फीगी ही नावे पुस्तकांत राहिली. कार्ड हाती घेऊन वाड्या-वस्त्या पालथ्या घालणारे मलेरिया आणि कुटुंब नियोजन खात्यांतले कर्मचारी नावानिशी कुठे आले नाहीत. आकडा वाढल्याची बोलणीही त्यांनीच खाल्ली. भारतातला शेवटचा रुग्ण मे 1975 मध्ये आसामात करीमगंजच्या रेल्वे स्थानकावर सापडला. त्यानंतर रुग्ण दाखवणाऱ्याचे बक्षीस एक हजार रुपयांवर नेण्यात आले आणि घरोघर शोध चालू ठेवण्यात आला. एप्रिल 1977 मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त ठरवला, तोपर्यंत ते हजार रुपये मिळवणारा कोणी निघाला नव्हता.