शक शत्रूचा, नाव शालिवाहनाचे

पाडव्याला पारनेर तालुक्यातल्या गावोगावी गुढ्या उभ्या राहतात, देवळात पंचांगवाचन होते आणि संवत्सराचे फळ सांगण्याआधी गुरुजी म्हणतात, 'श्रीशालिवाहन शके'. लग्नपत्रिकेत तेच, पूजेच्या संकल्पात तेच. पैठणच्या या राजाचे नाव आपल्या तोंडी असे वर्षभर असते. त्याची गोष्टही सगळ्यांना ठाऊक आहे. कुंभाराच्या घरी वाढलेला पोरगा मातीचे हत्ती, घोडे, शिपाई करून खेळतो. शत्रू चालून येतो तेव्हा त्याच मातीत प्राण येतो. शकांची दाणादाण उडते आणि विजयाच्या दिवसापासून नवा शक सुरू होतो.

या गोष्टीचा माग काढायचा तर पारनेर ही चांगली जागा आहे. कल्याणहून माळशेज चढून आळेफाट्यावरून नगरकडे येणारा रस्ता टाकळी ढोकेश्वरवरून जातो. माळशेजच्या शेजारीच नाणेघाट, घाटमाथ्यावर जुन्नर, पूर्वेला गोदाकाठी पैठण. कोकणातल्या बंदरांतून सातवाहन राजांच्या या राजधानीकडे जाणारा माल याच टापूतून सरकत असणार. ढोकेश्वराचे शैव लेणे सहाव्या शतकाच्या सुमाराचे, म्हणजे सातवाहनांच्या बरेच नंतरचे. सप्तमातृकांचा तो पट आणि दारातल्या गंगा-यमुना पाहताना मला मात्र त्या वाटेचीच आठवण होते. इतका खर्च करून डोंगर खोदायचा तो माणसांची ये-जा असेल तिथेच.

नाणेघाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरलेले होते. पुतळे गेले, नावे राहिली: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका (हीच नागनिका), राजा सिरि सातकणि, कुमार सातवाहन. म्हणजे सातवाहन हे घराण्याचे नाव, आणि राजे एकामागून एक अनेक. प्राकृतात त्याचे सालवाहन, सालाहण झाले आणि पुढे संस्कृतात शालिवाहन. 'गाथासप्तशती'चा संग्राहक हाल हाही याच परंपरेतला. लोकांनी या सगळ्यांचा मिळून एक राजा केला.

त्या एका राजात सर्वांत जास्त वाटा आहे गौतमीपुत्र सातकर्णीचा. त्याच्या आधी नाशिक-जुन्नरचा प्रदेश क्षहरात शक क्षत्रप नहपानाच्या ताब्यात गेला होता. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातला नहपानाचा अमात्य अयम याचा 46व्या वर्षाचा लेख त्याची साक्ष देतो. गौतमीपुत्राने हा प्रदेश परत घेतला. कसा घेतला याचा पुरावा 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला सापडला: नहपानाची 13,000हून अधिक चांदीची नाणी, आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा पुन्हा मारलेला. असे एखादे नाणे निरखून पाहावे. नहपानाचा चेहरा एका बाजूने कोरलेला असतो, आणि गालावर, केसांवर तीन कमानींचा डोंगर उमटलेला असतो. भोवती सातकर्णीचे नाव. पण जुना छाप पुरता बुजत नाही. नाकाची रेघ दिसते, ग्रीक अक्षरांचे तुकडे दिसतात.

विजय खरा आहे. त्याबद्दल शंका नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षात कोरवलेला लेख आहे. त्यात ती आपल्या मुलाला शक, यवन आणि पल्हवांचा संहार करणारा, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा म्हणते. त्याची घोडी तीन समुद्रांचे पाणी प्यायली, असेही त्यात आहे.

पण शक त्याने सुरू केला नाही. सातवाहन आपल्या राज्यवर्षांनीच काळ मोजत. बलश्रीच्या लेखातले 19वे वर्षही तसेच. इ.स. 78 पासूनची गणना चालवली ती पश्चिमेकडच्या शक क्षत्रपांनी, चष्टनाच्या घराण्याने. चष्टनाचा नातू रुद्रदामन याचा जुनागडचा लेख 72व्या वर्षाचा, म्हणजे इ.स. 150चा आहे. दक्षिणापथपती सातकर्णीला आपण दोनदा हरवले, पण जवळचे नाते असल्याने सोडून दिले, असे तो त्यात सांगतो. म्हणजे एकीकडे लढाई चालू होती आणि दुसरीकडे सोयरीकही झाली होती. काही अभ्यासक नहपानाचा पराभव इ.स. 78च्या आसपासच मानतात, काही तो दुसऱ्या शतकात नेतात. पहिले मत धरले तरी गणना क्षत्रपांचीच राहते.

पुढे चालुक्यांनी तीच उचलली. बदामीला पहिल्या पुलकेशीचा लेख शकवर्ष 465चा, म्हणजे इ.स. 543चा आहे आणि मंगलेशाचा 500चा. मंगलेशाचा लेख तर ही वर्षे शक राजाच्या राज्याभिषेकापासून मोजली आहेत असे स्पष्ट म्हणतो. पैठणच्या राजाचे नाव या लेखांत नाही. 'शालिवाहन शक' हा प्रयोग सर्रास दिसू लागतो तो 14व्या शतकापासून, विजयनगरच्या राजांच्या लेखांत. जोगलटेंभीच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने जे केले तेच दख्खनच्या लोकांनी कालगणनेवर केले: चांदी शत्रूची, वर ठसा आपल्या राजाचा. मला यात खोटेपणा दिसत नाही. हजार वर्षे उलटूनही ज्याचा विजय आठवत होता, त्याच्या पदरात लोकांनी ही वर्षे घातली.

मातीचे सैन्यही त्याच 14व्या शतकातल्या लिखाणात भेटते. जिनप्रभसूरीच्या 'विविधतीर्थकल्पा'त पैठणची कथा आहे: कुंभाराच्या घरी आश्रयाला राहिलेली ब्राह्मण विधवा, नागराज शेषापासून झालेला मुलगा, आणि चालून आलेला शत्रू. हा शत्रू शक नाही, उज्जैनचा विक्रम आहे! नर्मदेच्या उत्तरेला विक्रम संवत आणि दक्षिणेला शालिवाहन शक असे लोक सांगतात, त्या वाटणीची ही गोष्ट.

त्या कथेतला एक निवाडा मला फार आवडतो. बाप मरताना चार मुलांसाठी चार घडे पुरून ठेवतो. एकात सोने, एकात काळी माती, एकात भुसा, एकात हाडे. विक्रमाच्या दरबारात कोणालाच अर्थ लागत नाही. कुंभारवाड्यातला पोरगा सांगतो: सोनेवाल्याला सोने, मातीवाल्याला शेते, भुसावाल्याला कोठारातले धान्य, हाडेवाल्याला गुरेढोरे. रान, दाणे आणि जनावरे यांची वाटणी करून देणारा हा राजा. पावसाची वाट पाहत शेती करणाऱ्या मुलखाला तो का आपला वाटला, हे वेगळे सांगायला नको. काश्मिरी सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तला सातवाहन अगदी निराळा. जलक्रीडेत राणी संस्कृतात म्हणते, 'मोदकैः', म्हणजे पाणी उडवू नका. तो मोदक मागवतो, आणि शरमेने संस्कृत शिकायला बसतो.

22 मार्च 1957 रोजी भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. मेघनाद साहा समितीने शकगणनाच धरली आणि तो दिवस 1 चैत्र 1879 ठरला. सरकारी कागदावर शक राहिला. शालिवाहन पंचांगात राहिला. 2017 मध्ये तेलुगूत 'गौतमीपुत्र सातकर्णी' हा भव्य चित्रपट आला. त्यात राजाची आई बलश्री ठळकपणे आहे, आणि हे मला मोलाचे वाटते. मराठीत पाडव्याची गोष्ट सांगताना आपण कुंभार सांगतो, मातीचे शिपाई सांगतो, शकांचा पराभव सांगतो; बलश्रीला मात्र गाळतो. आपल्याकडे असलेला या विजयाचा सर्वांत बोलका वृत्तान्त तिनेच कोरवून घेतला आहे, तोही नाशिकला, पारनेरच्या माणसाला एका दिवसात जाऊन पाहून येता येईल इतक्या जवळ. शाळेच्या सहली काढणाऱ्या मास्तरांनी मुलांना एकदा त्या भिंतीसमोर उभे करावे आणि आईने लिहवलेली मुलाची ही गोष्ट ओळीओळीने वाचून दाखवावी.